डाव्या घडणीचं विष

माझा भाऊ चालायचा तेव्हा त्याच्याबरोबर राहायला मला पळावं लागायचं. मी अड्याळला मामाच्या घरी राहून शाळा शिकत होते. आमच्या गावात चौथीपुढे शाळा नव्हती. शनिवारी अर्धी शाळा सुटली की भाऊ मला न्यायला यायचा. माझं दप्तर खांद्याला अडकवायचा आणि धानाच्या बांध्यांमधल्या अरुंद धुऱ्यांवरून असा सुटायचा, की मी मागून ओरडायची, "भाऊ, हळू चाल ना!" तो थांबायचा, वळून हसायचा आणि मी जवळ गेले की पुन्हा तसाच. माझ्याहून तो आठ-नऊ वर्षांनी मोठा. रोवणीच्या दिवसांत चिखलातून धानाच्या रोपांच्या पेंढ्या वाहायला गावात त्याच्या बरोबरीचा कोणी नव्हता. लाखांदूरकडच्या एका मुलीशी त्याचं साक्षगंधही झालं होतं. लग्न धान घरी आल्यावर करायचं ठरलं होतं.

धान घरी आलंच नाही. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीचं ते वर्ष. रोवणी झाली आणि पाऊस गेला तो गेलाच. गावचा तलाव भरला नाही, नहराला पाणी सुटलं नाही, लोंब्या पोचट राहिल्या. पण उभ्या धानात सवयीनं फेकलेली लाखोळी, वाटाण्याच्या जातीचं ते कडधान्य, मात्र आली. लाखोळीला कोणी पाणी देत नाही. थंडीतलं दव पिऊन ती वाढते आणि सगळं जळालं तरी ती निळी-जांभळी फुलं घेऊन उभी असते. त्या साली सगळ्या गावानं तिच्याकडे पाहून हात जोडले.

मग घरात लाखोळीच झाली. सकाळी लाखोळीच्या पिठाची भाकर, संध्याकाळी लाखोळीचं वरण आणि त्यात मूठभर कण्या. मागच्या सालचं राहिलेलं धान बियाण्याला बांधून ठेवलेलं. मी मामाकडे होते. मामा मास्तर होते, त्यांच्याकडे रेशनची लाल मिलो, ती परदेशी ज्वारी, यायची. तिची भाकर घशाखाली उतरत नाही म्हणून मी मामीपाशी रडायची. घरी काय चाललंय हे मला सुट्टीत गेल्यावर दिसायचं. भाऊ मजुरीला खडी फोडायला जायचा, दमून यायचा आणि बाबांच्या दुप्पट जेवायचा. माय त्याच्या ताटात शेवटची भाकर टाकायची आणि म्हणायची, "खा बापू, तुलेच तं काम आहे."

उन्हाळा लागता लागता एका शनिवारी तो मला न्यायला आला. आम्ही निघालो. गावाबाहेरच्या नाल्यापर्यंत आलो आणि माझ्या लक्षात आलं, की मी पुढे आहे. मी थांबले. तो मागून येत होता, दप्तर खांद्याला होतं, पण पाऊल टाकताना गुडघे वाकलेले आणि एक पाय दुसऱ्याला अडत होता. माझ्याजवळ येईपर्यंत त्याला घाम फुटला होता. मी खाली पाहिलं. धुळीत त्याच्या पावलांच्या पुढच्या भागाचे ठसे होते, टाचेचा ठसा कुठेच नव्हता.

"भाऊ, काय झालं?"

"काही नाई. सकाळपासून पोटऱ्या आखडून राहिल्या. तू चाल."

त्या दिवशी मी मुद्दाम हळू चालले. त्याला ते कळलं आणि तो चिडला. "मोठी झाली का तू? चाल लवकर," म्हणाला. घरी पोचेपर्यंत दिवे लागले होते.

पुढच्या दोन-तीन महिन्यांत हातात एक काठी आली, मग दोन. गावात कोणी म्हणालं वात आहे, कोणी म्हणालं करणी आहे. एका म्हाताऱ्यानं स्पष्ट सांगितलं, लाखोळीनं पाय जातात, माझ्या बापाच्या भावाचे गेले होते. पण लाखोळी सगळेच खात होते आणि सगळे चालत होते. बाबा चालत होते, माय चालत होती. एकाच चुलीचं खाऊन एकाचेच पाय कसे जातील, हे कोणाला पटेना.

शेवटी बाबा त्याला एसटीनं भंडाऱ्याच्या सरकारी दवाखान्यात घेऊन गेले. परत आले तेव्हा भाऊ खुशीत होता. खाटेवर बसून त्यानं मला करून दाखवलं. "डाक्टरनं गुडघ्यावर बारीकशी हातोडी मारली, तं पाय असा उडाला! टेबलाले लागला. म्हंजे जोर आहे ना पायात?"

बाबा ओसरीवर पागोटं सोडत होते. मायनं विचारलं, "काय म्हणे डाक्टर?"

"लाखोळी बंद करा म्हणे," बाबा म्हणाले. "टाईम लागन. पण ठीक होईन."

त्या दिवाळीच्या आधी लाखांदूरकडून मुलीचे वडील आले. चांगला माणूस होता. चहा झाला, पावसापाण्याचं बोलणं झालं, पण ते मुद्द्यावर येईनात. तेव्हा भाऊ खाटेवरून उठला, दोन्ही काठ्या घेतल्या आणि अंगणातून विहिरीपर्यंत गेला आणि परत आला. पाय कात्रीसारखे एकमेकांत अडकत होते, चवड्यांवर अंग झुलत होतं, तरी पडला नाही. येऊन होणाऱ्या सासऱ्याला म्हणाला, "पाहा मामाजी, चालता येते." त्या माणसानं उपरण्यानं डोळे पुसले. तो उठला, मायच्या पाया पडला आणि गेला. मुलीचं लग्न त्याच हंगामात दुसरीकडे झालं.

"बरं झालं," भाऊ म्हणाला. "तिनं कायले थांबावं? पाय ठीक झाल्यावर पाहू."

तेव्हापासून त्यानं एक नेम धरला. पहाटे माय त्याच्या पायांना मोहाच्या बियांचं तेल चोळून द्यायची आणि तो तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, जायचा. काठ्या टेकत पाळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत आणि परत. पावसाळ्यात पाळीच्या चिखलात त्याच्या पायांच्या बोटांनी ओढलेल्या दोन रेघा दिवसभर दिसायच्या. गुरं नेणारी पोरं त्या रेघा ओलांडून जायची. वर्षांमागून वर्षं गेली, पाय होते तसेच राहिले, पण त्याचा नेम मोडला नाही. "पाय तयार ठेवले पायजे," म्हणायचा. "नाईतं औषध लागलं तरी चालणं विसरून जाईन."

मी मॅट्रिक झाले तेव्हा बाबांनी माझ्यासाठी स्थळ पाहायला घेतलं. भावानं खाटेवरूनच सांगितलं, "तिले शिकू द्या." घरात त्याच्या शब्दाला पायांपेक्षा जास्त जोर होता. मी भंडाऱ्याला कॉलेजात गेले, आणि तिथून नागपूरला रसायनशास्त्रात एम. एस्सी. करायला.

शेवटच्या वर्षी आम्हाला प्रकल्प करावा लागायचा. माझ्या सरांनी मला अमिनो आम्लांचं रेसिमायझेशन दिलं. अमिनो आम्लांपासून आपल्या अंगातली प्रथिनं बनतात. त्यांचे रेणू दोन घडणींचे असू शकतात, एक डावा आणि एक उजवा. दोघांत अणू तेच, तेवढेच, जोडणीही तीच. फक्त एक दुसऱ्याचं आरशातलं रूप. तळहातावर तळहात जुळतो, पण दोन्ही हात पालथे करून डाव्यावर उजवा ठेवला तर अंगठे विरुद्ध बाजूंना जातात, तसं. सजीवांची प्रथिनं जवळजवळ सगळी डाव्या घडणीच्या रेणूंचीच असतात. का, ते कोणाला नीट माहीत नाही. पण तो रेणू तापवत ठेवला की हळूहळू त्यातले काही उलटून उजवे होतात, आणि शेवटी डावे-उजवे निम्मेनिम्मे होतात. या निम्म्यानिम्म्या होण्याला रेसिमायझेशन म्हणतात.

ते मोजायचं पोलॅरिमीटर नावाच्या यंत्रानं. अंधाऱ्या खोलीत सोडियमचा पिवळा दिवा, पुढे द्रावणाची लांब काचेची नळी. एकाच घडणीचा रेणू असेल तर तो प्रकाशाला एका बाजूला वळवतो, आणि किती वळवला ते तबकडीवर वाचता येतं. डावे-उजवे समान झाले की दोघांचं वळवणं एकमेकांना खोडतं आणि काटा शून्यावर येतो. मी काचेच्या नळ्यांत द्रावण भरून, तोंडं वितळवून बंद करून त्या तेलाच्या कढईत तापवायची आणि रोज एक फोडून वाचन घ्यायची. डोळे दुखायचे, पण काम मला आवडत होतं.

एकदा सरांनी विचारलं, तू कुठली. मी म्हटलं, भंडारा जिल्हा. ते म्हणाले, "मग तुम्ही लाखोळी खात असाल. तिच्यातलं विष माहीत आहे ना? तेही अमिनो आम्लच आहे, प्रथिनांत न बसणारं. आणि डाव्या घडणीचं. त्याचं उजवं जुळं केलं तर ते तसं अपाय करत नाही म्हणतात. मज्जातंतूंना डावंच कळतं."

सर पुढच्या मुलाच्या टेबलाकडे गेले. मी पोलॅरिमीटरच्या खोलीत जाऊन दार लावून घेतलं. आत अंधार होता म्हणून रडायला सोपं गेलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच कोणीतरी मला त्या गोष्टीचा आकार सांगितला होता. भावाच्या पायांना काय लागलं, ते कागदावर काढता येत होतं. आणि ते उलट्या हाताचं असतं तर तो आजही माझ्यापुढे चालत असता.

दिवाळीत घरी गेले तेव्हा मी हे सगळं भावाला सांगितलं. माझे हात त्याच्यापुढे धरून डावं-उजवं दाखवलं. त्यानं स्वतःचे हात पाहिले. काठ्या धरून त्याच्या तळव्यांना घट्टे पडले होते.

"म्हंजे मले लागलं ते डावं."

"हो."

"अन् डावं उजवं करता येते?"

"निम्मं होते. तापवावं लागते."

"गंज तापवावं लागते?"

"हो, खूप. बरेच दिवस."

त्यानं पोटरीवरून हात फिरवला. मला वाटलं, त्याला ऐकायला बरं वाटलं असेल. घरात माझ्या अभ्यासाबद्दल कोणी विचारणारं नव्हतं. आता मी आले की तो पहिला प्रश्न विचारायचा, "कुठवर आलं तुझं?" आणि मी सांगायची, काटा निम्म्यावर आला, अजून खाली आला. मायनं एकदा सांगितलं, की तो आता सकाळ-संध्याकाळ दोन्ही वेळा पाळीवर जातो, आणि दुपारी पायांना गरम विटांचा शेक घेतो. "इतका शेक नको म्हणते तं ऐकत नाई," ती म्हणाली. त्यातून मी काही अर्थ काढला नाही.

उन्हाळ्यात एक दिवस काटा शून्यावर आला. मी सरांना बोलावून दाखवलं. त्यांनीही डोळा लावून पाहिलं आणि शाबास म्हणाले. त्या आनंदात मी घरी गेले. भाऊ ओसरीवर आंघोळ करून, धुतलेला सदरा घालून बसला होता. बाबा समोरच्या खाटेवर सुपारी कातरत होते. माय शेजारी गेली होती.

"शून्य आलं, भाऊ," मी पायरीवरूनच म्हटलं.

त्याचा चेहरा असा उजळला, की साक्षगंधाच्या दिवसानंतर मी तो तसा पाहिला नव्हता. "मंग आता?"

"आता परीक्षा. मग झालं."

"तसं नाई, बाई. माझ्या पायाचं. आता काय करा लागन? गोळी राह्यन का सुई?"

मी उभीच राहिले. माझी नजर त्याच्या पोटऱ्यांवर गेली. दोन्ही पोटऱ्यांवर विटांच्या आकाराचे भाजल्याचे काळे डाग होते, काही ठिकाणी कातडी नवी, गुलाबी. त्याच्या पायांतली ताकद गेली होती, पण जाणीव गेली नव्हती. चटका त्याला पुरता कळत होता. तो आतलं डावं तापवून उजवं करत होता. मी नागपुरात नळ्या तापवत होते आणि तो इथं पाय.

"भाऊ," मी त्याच्याजवळ बसले, "तुझ्या अंगात ते विष आता नाही. ते तेव्हाच निघून गेलं."

"निघून गेलं तं मंग पाय काहून नाई येत?"

"त्यानं पाठीच्या कण्यातल्या नसा जाळल्या. त्या जळालेल्या नसा परत येत नाहीत. मी डावं उजवं केलं ते बाटलीतलं. साधं, दुसरंच. तुझ्या पायांसाठी... तसं औषध नाही, भाऊ. कोणापाशीच नाही."

तो माझ्याकडे पाहत राहिला. मला वाटलं, त्याला कळलं नाही, म्हणून मी पुन्हा सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात बाबा बोलले. अडकित्ता त्यांच्या हातात तसाच होता.

"डाक्टरनं मले तवाच सांगतलं होतं."

"काय?"

"की गेलं ते येत नाई. फक्त वाढणार नाई, इतकंच."

भाऊ वळला. "तवाच? हातोडी मारली तवा?"

"तवाच. तू बाहेर बाकावर बसला होता."

"मंग मले काहून नाई सांगतलं, बाबा?"

बाबांनी अडकित्ता खाटेवर ठेवला. मग म्हणाले, "एसटीत बसल्यावर सांगू म्हटलं. तं तू खिडकीतून पाहून हासून राहिला होता. घरी सांगू म्हटलं. तं दुसऱ्या दिवशी तू पाळीवर गेला."

भाऊ रागावला असता तर बरं झालं असतं. त्यानं फक्त सदऱ्याची वरची गुंडी सोडली आणि म्हणाला, "बहुत गरम होऊन राहिलं." मग माय आली. तिनं त्या दिवशी पुरण केलं होतं. त्यानंच करायला सांगितलं होतं. तो जेवला. ताट स्वच्छ केलं.

दुसऱ्या दिवशी पहाटे माय तेलाची वाटी घेऊन त्याच्या खाटेपाशी गेली. "आज नाई," तो म्हणाला. तिसऱ्या दिवशीही तेच. मग तिनं वाटी नेणं सोडलं. पाळीवर तो पुन्हा गेला नाही.

मी परत निघाले तेव्हा अड्याळच्या स्टँडवर मला सोडायला तोच बैलगाडी घेऊन आला. बसून कासरे धरणं त्याला जमायचं. एसटीला वेळ होता. बैलांच्या पाठीवरून हात फिरवत त्यानं विचारलं, "एक सांग. ते जहर लाखोळीतून काढता आलं असतं का?"

मी खोटं बोलू शकले नाही. "पाण्यात विरघळते ते. गरम पाण्यात डाळ भिजत ठेवायची, ते पाणी फेकून द्यायचं, पुन्हा भरपूर पाण्यात शिजवून तेही फेकायचं. बरंच निघून जाते."

त्याला ते साल आठवलं असावं. मीही तेच आठवत होते. दर साली माय लाखोळी भिजवून पाणी फेकायची, तिची आई करायची म्हणून. त्या साली विहिरीला तळ लागला होता. बायका नाल्याच्या रेतीत झिरे खोदून वाटी वाटी पाणी भरायच्या. डाळीचं पाणी फेकायला कोणाच्या घरी पाणी होतं? उलट मायनं ते पाणी वरणातच ठेवलं होतं, आणि भावाच्या वाटीत जास्तीचं घातलं होतं, कारण तो उन्हातून यायचा.

"मायले सांगू नको," तो म्हणाला.

"नाही सांगत."

"कधीच नाई. मी मेल्यावर बी नाई."

एसटी आली. मी चढले. खिडकीतून पाहिलं तर तो गाडी वळवत होता.

परीक्षा झाली. सर पुढे संशोधन कर म्हणत होते, पण मी भंडाऱ्याला एका कॉलेजात शिकवायची नोकरी धरली, दर शनिवारी घरी जाता यावं म्हणून. मी जायची, त्याच्याजवळ बसायची. तो बोलायचा, गावातलं सांगायचा, माझी थट्टा करायचा. पण हालचाल सुटल्यावर पाय आणखी आखडले. काठ्यांनी चालणंही गेलं आणि तो हातांवर सरकू लागला. ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर एका हिवाळ्यात त्याला ताप आला, छातीत कफ भरला. बाबांनी गाडी जुंपून पवनीच्या दवाखान्यात न्यायचं ठरवलं तेव्हा तो म्हणाला, सकाळी जाऊ. सकाळी तो गेलेला होता. मला निरोप मिळाला तेव्हा मी वर्गात होते.

काही महिन्यांनी त्याच वर्गाला मी रेसिमायझेशन शिकवत होते. मी सांगत होते, की जिवंत शरीर बहुतेक ठिकाणी आपली डावी बाजू टिकवून धरतं, कारण ते सारखं नवं बनवत असतं. मेल्यावर ते बनवणं थांबतं आणि हजारो वर्षांत हाडांतले रेणू हळूहळू निम्मेनिम्मे होतात. जिथं नवं बनत नाही, त्या दातांत तर जिवंतपणीच वयाबरोबर थोडं थोडं होत राहतं. एका मुलीनं विचारलं, "मॅडम, म्हणजे जिवंत असणं म्हणजे एका बाजूला राहणं का?" प्रश्न चांगला होता. मी खडू ठेवला, उत्तर द्यायला वळले आणि हजेरीचं पुस्तक उचललं. मुलं वाट पाहत होती. मी तास तिथंच संपवला.

त्याच वर्षी बाबा माझ्याकडे भंडाऱ्याला आले, डोळे दाखवायला. माय घरीच राहिली होती. संध्याकाळी मी भाकऱ्या करत होते आणि ते चुलीजवळ पाटावर बसले होते. विस्तवाकडे पाहत म्हणाले, "बाई, तू शिकलेली आहे. मी त्याले तवाच सांगायले पायजे होतं का?"

मी भाकर उलटली. "त्या आशेवर त्यानं गंज वर्षं काढली, बाबा. रोज उठून बाहेर जायचा."

"हो ना," ते म्हणाले. "अन् मंग?"

मी त्यांच्या ताटात भाकर ठेवली. त्यांनी ती मोडली आणि तुकडा हातात धरून बसले.